पंचाची सही

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मी खव्याच्या मोदकांसाठी खवा आणायला बाजारपेठेत गेले होते. आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. सणाच्या तोंडावर बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र नेहमीच्या दुकानासमोर गर्दी थोडी लांब उभी होती. आत अन्न सुरक्षा अधिकारी आले होते. ओळखपत्र दाखवून झालं होतं, टेबलावर चार स्वच्छ कोरड्या बरण्या मांडल्या होत्या, लाखेची कांडी आणि मेणबत्तीही तयार होती. काम अडलं होतं ते एका माणसापाशी. पंच मिळत नव्हता.

शेजारच्या कापड दुकानदारांनी "गिऱ्हाईक आहे साहेब" म्हणून पाठ फिरवली. समोरचा पानपट्टीवाला म्हणाला, "आम्हाला रोज यांच्याच तोंडाकडे बघायचंय." माझ्यापुढे उभे असलेले दोघे पिशवी काखेत मारून निघून गेले. अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही कराल का?"

मी हो म्हटलं. दुकानदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. दुकानदार हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला यात पडता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की खवा चांगला असेल, तर माझी सही तुमच्याच कामाला येईल.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण कायद्याने नमुना कसा घेतला जातो हे इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. अधिकाऱ्यांनी आधी दुकानदाराच्या हातात लेखी नोटीस दिली. मग किलोभर खवा रोख पैसे देऊन विकत घेतला आणि पावती घेतली. सरकार नमुना फुकट उचलत नाही, त्याची किंमत मोजावी लागते. खवा नीट एकजीव करून त्याचे चार सारखे भाग केले. प्रत्येक बरणीत फॉर्मालिनचे मोजून थेंब टाकले, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत खवा नासता कामा नये. झाकणं घट्ट लावली, बरण्यांना जाड कागद गुंडाळला, त्यावर सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि सुतळीने बांधून गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. दुकानदाराची सही अशी घेतली की ती अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर पडावी. चिठ्ठी हलवली तर सही तुटणार. शेवटी पंचनाम्यावर माझी सही झाली. या सगळ्याला तासाभराच्या वर वेळ लागला. त्या तासात माझा सरकारी कामाबद्दलचा आदर वाढला, हे मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे.

त्या चार भागांतला एक अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्तांकडे, जपून ठेवले जातात. दुकानदाराने मागणी केली, तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल, तर दुकानदाराला तीस दिवसांत अपील करता येतं. मग जपून ठेवलेला भाग निर्देश प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निर्णय अंतिम असतो. यात कोणावर अन्याय होऊ नये याचा विचार आहे. तो हवाच. २०१५ साली मॅगीवर देशभर बंदी आली आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, ती याच कारणांनी. नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक ती मान्यता नव्हती आणि कंपनीला आपलं म्हणणं मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितली. शिक्का, सुतळी, सही आणि प्रयोगशाळेची मान्यता यांतलं एक जरी कच्चं राहिलं, तर खरी भेसळसुद्धा कोर्टात सुटून जाते.

म्हणून पंचाची सही ही किरकोळ गोष्ट नाही. तरीही आपण ती टाळतो. वर्तमानपत्रात भेसळीची बातमी वाचली की सरकार झोपलंय म्हणतो, व्हॉट्सअॅपवर प्लास्टिकच्या तांदळाचे व्हिडिओ पुढे पाठवतो, आणि प्रत्यक्ष बाजारात कोणी अधिकारी कागद पुढे करतो तेव्हा आपल्याला घरी जायची घाई होते. आमच्या बाजारात त्या दिवशी निदान पन्नास माणसं होती. त्यातलं एकही आपणहून पुढे आलं नाही. दोष आपला आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय सरकारला काही विचारायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आता सरकारला विचारायचं ते विचारते. माझ्या सहीचं पुढे काय झालं?

चौदा दिवसांची मुदत कागदावर ठीक आहे. पण गणपती दहा दिवसांचे असतात. सणाच्या आठ दिवस आधी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल अगदी वेळेवर आला, तरी तोवर घरोघरी गणपती बसलेले असतात आणि मोदक, पेढे पोटात गेलेले असतात. सणाच्या तोंडावर विशेष मोहीम निघते, परराज्यातून खासगी बसच्या डिकीतून आलेला खवा पकडल्याच्या बातम्या येतात, आणि ते कामही मोलाचं आहे. पण खव्याची भट्टी श्रावणातच पेटते. नमुने श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात घेतले, तर अहवाल सणाआधी हाती येईल आणि वाईट माल दुकानातून काढायला वेळ मिळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त कॅलेंडर पुढे ओढावं लागतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. त्याची प्रत व्यावसायिकाला मिळते. ज्याच्या सहीने नमुना बंद झाला त्या पंचाला आणि ज्याच्या तक्रारीवरून तो घेतला त्या ग्राहकाला निकाल कळवलाच पाहिजे, असं कलम मी शोधलं. मला ते सापडलं नाही. म्हणजे आपण साक्षीला हवे, निकालाला नकोत. ज्याला निकाल कळत नाही तो पुढच्या वेळी सही करायला कशासाठी थांबेल? पानपट्टीवाल्याला मी दोष दिला खरा, पण त्याच्याकडून पाहिलं तर शेजाऱ्याशी वाकडं घेऊन त्याच्या हाती काय येणार होतं?

कायदा वाईट नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ सालचा, आणि तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याची मर्यादा हीच होती, की भेसळ झाल्यावर पकडायचं. नव्या कायद्याने भट्टीपासून ताटापर्यंतच्या सगळ्या साखळीची जबाबदारी ठरवली. परवाना किंवा नोंदणी प्रत्येकाला लागते. छोट्या व्यावसायिकाला नाममात्र शुल्क भरून नोंदणी करता येते. अन्न खाऊन माणूस दगावला, तर त्याच्या वारसांना किमान पाच लाखांची भरपाई देण्याची तरतूद कलम ६५ मध्ये आहे. भेसळ शोधायला मदत करणाऱ्याला बक्षीस देता येतं, तेही कलम ९५ मध्ये लिहिलेलं आहे.

आणि एक कलम आहे चाळिसावं. ते मी माझ्या महिला मंडळात वाचून दाखवलं तेव्हा बायकांचा विश्वास बसेना. कोणीही ग्राहक, अगदी तुम्ही-आम्ही, विकत घेतलेला पदार्थ ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच. खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हा माल तपासायला देणार आहे. अहवालात दोष निघाला, तर भरलेली फी परत मिळते आणि विश्लेषक तो अहवाल पुढच्या कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवतो. इतका मोठा अधिकार हाती असताना, तो बजावायचा कुठे, हे सांगणारी पाटी मी आजवर पाहिलेली नाही. सातबारा कुठे मिळतो, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, हे गावातल्या पोरालाही माहीत असतं, कारण त्याला खिडकी आहे. चाळिसाव्या कलमाला खिडकी नाही.

खिडकी नाही म्हणून लोक घरीच तपासायला लागतात. त्यात चूक काही नाही. मी स्वतः ते शिकवते. खव्याचा सुपारीएवढा तुकडा पाण्यात उकळून गार करायचा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. काळानिळा रंग आला, तर पिठाची भेसळ आहे. आठवीतली मुलगीही हा प्रयोग करू शकते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरगुती चाचण्यांची 'डार्ट' नावाची पुस्तिका काढली आहे, तिच्यात अशा सोप्या चाचण्या आहेत. पण मी वर्गात सांगायची तेच इथे सांगते, प्रयोगाला सीमा असते. दुधातली चरबी काढून तिच्या जागी पाम तेल घातलेल्या पनीरवर आयोडीन टाका, रंग बदलणार नाही. पीठच नाही, तर निळं काय होणार? ते पनीर पांढरं दिसतं, मऊ लागतं, भाजीत विरघळतही नाही. ते पकडायला प्रयोगशाळाच लागते.

पूर्वी आपल्याकडे एक फार शहाणी रीत होती. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं कारखान्यांना सक्तीचं केलं होतं. हेतू असा, की कोणी ते साजूक तुपात मिसळलं, तर एका रासायनिक चाचणीत तिळाच्या तेलामुळे लाल रंग यावा आणि लबाडी उघडी पडावी. सरकारने पदार्थाच्या आतच साक्षीदार बसवला होता. साध्या पाम तेलात असा साक्षीदार नाही. म्हणून आज कागदावरच्या साक्षीदाराची, म्हणजे लेबलाची गरज वाढली आहे.

दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या पदार्थाला पनीर म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे तो 'अॅनालॉग' आहे आणि ते वेष्टनावर लिहावं लागतं. तो विकणं गुन्हा नाही. पनीर म्हणून विकणं गुन्हा आहे. वेष्टनावर लिहिलेलं हॉटेलवाल्याला दिसतं. ताटात आलेल्या पनीर मसाल्याला मात्र लेबल नसतं. मार्च २०२५ मध्ये हा विषय विधानसभेत गाजला, तिथे बनावट पनीर दाखवलं गेलं. माझी मागणी साधी आहे. हॉटेलच्या मेनूकार्डावर आणि दुकानाच्या फलकावर 'दुधाचं पनीर' की 'वनस्पती तेलाचं' हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहायला लावा, आणि लिहिलेलं खरं आहे का ते तपासा. कोणाला स्वस्तातलं खायचं असेल, तर त्याने जाणून खावं.

भीती पसरवणं मला मान्य नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात देशभरातल्या १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले गेले. त्यातल्या फक्त बारा नमुन्यांत थेट भेसळ सापडली. दुधात युरिया आणि साबणच असतो असं बोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण त्याच सर्वेक्षणात ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. बुरशी लागलेली पेंड आणि चारा जनावराच्या पोटात गेला की ते दुधात उतरतं. ते कोणी मिसळलेलं नसतं, आणि दुकानावर छापा घालून ते सापडतही नाही. त्याला उपाय गोठ्यात आणि पेंडीच्या गोदामात आहे. ज्याला हे माहीत आहे तो ग्राहक दूधवाल्याला शिव्या देणार नाही, पेंड कोरडी ठेवतोस का म्हणून विचारेल. माहिती मिळाली की तक्रारीचं रूपच बदलतं.

कायद्याच्या भाषेतही हा फरक आहे, तो लोकांपर्यंत पोचलेला नाही. 'असुरक्षित' म्हणजे जिवाला अपाय करणारं. त्यासाठी तुरुंगवास आहे. 'कमी दर्जाचं' म्हणजे ठरलेल्या मानकाहून उणं, जसं चरबी कमी असलेलं दूध. त्याला पाच लाखांपर्यंत दंड. 'मिथ्याछाप' म्हणजे लेबल खोटं किंवा अपुरं. त्याला तीन लाखांपर्यंत दंड. बातमीत मात्र या तिन्हींना 'भेसळ' हा एकच शब्द येतो. लेबलवर तारीख नीट न छापलेला लघुउद्योजक आणि विषारी रंग वापरणारा गुन्हेगार एकाच ओळीत उभे राहतात. प्रत्येक नमुन्याचा निकाल नेमक्या शब्दात जाहीर झाला, तर प्रामाणिक माणसाची अशी बदनामी होणार नाही. निकाल उघडे करण्याला व्यापारी संघटनांनी विरोध करू नये, त्यांनीच ते मागावेत. आमच्या दुकानदाराचा नमुना चांगला निघाला असेल, तर त्याने तो अहवाल काउंटरच्या मागे फ्रेम करून लावला पाहिजे. आज त्याच्याबद्दल गावात नुसती कुजबुज आहे.

आता मागण्या एकत्र मांडते. नमुन्याचा निकाल लागला की तो तक्रारदाराला आणि पंचाला लेखी कळवा. दर महिन्याला तालुक्यातल्या सगळ्या नमुन्यांचे निकाल, चांगले आणि वाईट दोन्ही, अपिलाची मुदत संपल्यावर नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. चाळिसाव्या कलमाखाली नमुना कुठे द्यायचा, फी किती, अहवाल कधी मिळणार, याची पाटी प्रत्येक तहसील कार्यालयात लावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद कायद्याने वर्षातून किमान दोनदा भरायची असते. तिच्यापुढे जिल्ह्यातल्या अन्न नमुन्यांचा हिशेब प्रत्येक वेळी ठेवा. आणि प्रयोगशाळा वाढवा, त्यांना माणसं द्या. विश्लेषकच कमी असतील, तर चौदा दिवसांची मुदत पाळणार कोण?

आपल्या बाजूनेही हिशेब द्यायला हवा. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो. दूध साठ-सत्तर रुपये लिटर धरलं, तर नुसत्या दुधाचेच तीनशे ते साडेतीनशे झाले. जळण आणि मजुरी वेगळी. तरी कोणी अडीचशे रुपये किलोने खवा देत असेल आणि आपण स्वस्त पडला म्हणून दोन किलो घेत असू, तर भेसळीचा अर्धा सौदा आपणच केलेला असतो. बिल मागा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर चौदा आकडी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो बघायची सवय लावा. शंका आली, तर गल्लीत बोलण्याऐवजी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर सांगा. आणि हे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्यात वडापाव बांधून घेऊ नका. छपाईची शाई पोटात जाण्यासाठी नसते, आणि तसं बांधून देणं नियमाने बंद आहे.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीने मध्यमवर्गीय घरांना एकत्र आणून महिन्याचं सामान निवडून, पारखून, एकत्र खरेदी करायला शिकवलं. 'पंचायत' या शब्दात पंच आहे. ग्राहकाने नुसतं गिऱ्हाईक राहायचं नाही, पंच व्हायचं, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं होतं. ते आपण विसरलो, आणि सरकारनेही आपल्याला आठवण करून दिली नाही.

माझी सही झालेल्या त्या बरणीत खवा होता की दुसरं काही, हे मला आजही माहीत नाही. ते मला आणि माझ्या गावाला कळलं पाहिजे. आणि पुढच्या वेळी तुमच्या बाजारात कोणी अधिकारी कागद पुढे करून "सही कराल का?" असं विचारेल, तेव्हा पिशवी काखेत मारून निघू नका. तासभर थांबा आणि सही करा.